सगळं आवडतं, म्हणजे निवडलं काय?

'माझी आवड इक्लेक्टिक आहे,' हे वाक्य आता मराठी घरांतही सहज कानावर पडतं. लग्नाच्या स्थळांच्या माहितीत ते असतं, फ्लॅटच्या सजावटीच्या जाहिरातीत असतं, कॅफेच्या मेन्यूकार्डावर असतं आणि गाण्यांच्या यादीला नाव द्यायची वेळ आली की हमखास असतं. शब्द इंग्रजी असला तरी ज्या सवयीला तो चिकटला आहे ती आपलीही आहे. या शब्दावर जीव असलेले एक रसिक आणि तो ऐकला की भुवया उंचावणाऱ्या एक चिकित्सक, यांच्यातला हा वाद. दोघांच्याही म्हणण्याला वजन आहे, म्हणून कुणाचंच बोलणं मध्येच तोडलेलं नाही.

चिकित्सक : कोणतं संगीत ऐकता, असं मी कुणाला विचारते तेव्हा त्या माणसाविषयी काहीतरी कळावं, एवढीच अपेक्षा असते. उत्तर येतं, 'इक्लेक्टिक.' म्हणजे किशोरीताई ऐकतो, बीटल्स ऐकतो, अजय-अतुल ऐकतो, सुफीही ऐकतो. छान आहे. पण यातलं काय पुन्हा पुन्हा लावावंसं वाटतं आणि काय एकदा ऐकून पुरे होतं, याचा पत्ता लागत नाही. आवड विचारली आणि यादी मिळाली. या शब्दाच्या मुळाशी 'एक्लेगेइन' हे ग्रीक क्रियापद आहे. निवडून बाजूला काढणं, हा त्याचा अर्थ. तांदूळ निवडायला घेतले की खडे बाजूला जातात. काहीच बाजूला गेलं नाही तर तांदूळ निवडले असं आपण म्हणत नाही. मराठीत ज्याला आपण चोखंदळ म्हणतो, तो खरं तर या शब्दाचा मूळ मालक. आज तोच शब्द 'मला सगळं चालतं' या अर्थानं फिरतो आहे. निवडण्याची क्रिया गेली आणि विविधतेचा दाखला तेवढा हातात राहिला.

रसिक : मूळ काढलंत, तर पुरतं काढू. डायोजिनीस लाएर्शियसनं ग्रीक तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिली, त्याच्या प्रस्तावनेत अलेक्झांड्रियाच्या पोटॅमोन नावाच्या माणसाचा उल्लेख आहे. प्रत्येक पंथातलं आपल्याला पटलं तेवढं घेऊन यानं निवडीचा पंथ काढला, असं तो सांगतो. तो काळ डोळ्यांसमोर आणा. स्टोइकांचा एक तळ, प्लेटोच्या अनुयायांचा दुसरा, ॲरिस्टॉटलवाल्यांचा तिसरा, एपिक्युरसचे लोक चौथीकडे. तुम्ही कुणाचे, हाच पहिला प्रश्न. अशा जगात 'मी कुणाचाच नाही, मी प्रत्येकाचं ऐकून ठरवणार' असं म्हणायला छाती लागते. पुढं 1755 साली फ्रेंच विश्वकोशाच्या पाचव्या खंडात दिदेरोनं या विषयावर लांबलचक नोंद लिहिली. रूढी, प्राचीनता, सर्वसंमती, अधिकारवाणी यांचं ओझं झुगारून स्वतःच्या बुद्धीनं तपासणारा माणूस, अशी त्याची इक्लेक्टिकाची कल्पना आहे. तुम्ही त्याला पसारा म्हणता. माझ्या मते तो बंडखोरीचा शब्द आहे. आजची मुलं तो सैलपणानं वापरत असतील, पण 'आमच्या घरात हेच ऐकतात' या जुन्या दटावणीला दिलेलं उत्तर त्यात अजूनही आहे.

चिकित्सक : दिदेरोला पुढं केलंत हे बरं झालं, कारण त्याच नोंदीत तो इक्लेक्टिकाला दुसऱ्या एका माणसापासून काळजीपूर्वक वेगळा काढतो. हा दुसरा म्हणजे समन्वयवाला. भांडणाऱ्या मतांची कशीबशी दिलजमाई करायची, कुणालाच दुखवायचं नाही, हा त्याचा धंदा. दिदेरोचा इक्लेक्टिक आधी कापतो, मग जोडतो. समन्वयवाला नुसता जोडतो. आज हा शब्द मिरवणारे बहुतेक लोक या दुसऱ्या जातीचे आहेत, एवढंच माझं म्हणणं. आणि या शब्दाची घसरण मोबाइलच्या काळात सुरू झाली असंही नाही. एकोणिसाव्या शतकात व्हिक्टर कुझँ या फ्रेंच प्राध्यापकानं इक्लेक्टिसिझमचा झेंडा उभारला. प्रत्येक दर्शनात सत्याचा काही अंश आहे, ते अंश एकत्र करू, ही त्याची भूमिका. 1830 नंतरच्या राजवटीत ती फ्रान्सच्या विद्यापीठांची जवळजवळ सरकारी विचारसरणी झाली आणि 1840 मध्ये कुझँ स्वतः शिक्षणमंत्री झाला. दिदेरोच्या बंडखोराला शंभर वर्षांच्या आत सरकारी खुर्ची मिळाली. 1846 च्या चित्रप्रदर्शनावर लिहिताना कवी बोदलेरनं इक्लेक्टिक चित्रकारांना झोडपलं, ते याच हवेत. एकांगी चित्रकार चुकतो, पण त्याची चूकही मनात घर करते. सगळ्यांकडून थोडं थोडं घेणाऱ्याचं चित्र आठवतच नाही, असा त्याच्या टीकेचा रोख होता.

बोदलेरचा हा आक्षेप कलावंताविषयी आहे, ऐकणाऱ्या-बघणाऱ्याविषयी नाही. रसिकांनी तो धागा लगेच उचलला नाही. ते आधी अमेरिकेकडे वळले, आणि ते वळण वाटतं तितकं आडवाटेचं नाही.

रसिक : शब्द खुर्चीवर बसला म्हणून तो बाद होत नाही. त्याच शतकात अमेरिकेत इक्लेक्टिक नावाचं वैद्यक होतं. 1845 मध्ये सिनसिनाटी शहरात त्यांच्या महाविद्यालयाला सनद मिळाली आणि ते 1939 पर्यंत चाललं. हे डॉक्टर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वनस्पती वापरत, युरोपातले काढे वापरत, इतर पंथांतलं गुणकारी वाटेल ते घेत. तुम्ही म्हणाल, पुन्हा पसारा. पण त्या काळचे प्रतिष्ठित डॉक्टर काय करत होते? शिरा कापून रक्त काढत होते आणि कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध, ढोसत होते. इक्लेक्टिकांनी या दोन्ही गोष्टींना नकार दिला. त्यांचं घेणं पुष्कळ होतं हे खरं, पण त्यांचं नाकारणंही ठाम होतं, आणि त्या नाकारण्यानं काही रोग्यांचे हाल तरी नक्की वाचले असतील. पुष्कळ घेणारा माणूस नकार देऊ शकत नाही, हे तुमचं गृहीतच मला मान्य नाही.

चिकित्सक : हे उदाहरण मला आवडलं, कारण त्याचा उत्तरार्ध माझ्या बाजूनं बोलतो. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनरनं अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल लिहिला. पंथवाल्या महाविद्यालयांवर त्यात कडक शेरे आहेत, त्यांत इक्लेक्टिकही आले. प्रयोगशाळा नाहीत, रुग्ण तपासायची सोय धड नाही. 'आम्ही सगळ्यांतलं उत्तम निवडतो' असं म्हणणाऱ्यांना उत्तम कशावरून, हे ठरवायचं साधनच उभं करता आलं नव्हतं. रक्त काढणं वाईट हे त्यांना कळलं, पण आपल्या काढ्यांपैकी कुठला खरोखर लागू पडतो, ते कळण्याची वाट त्यांच्याकडे नव्हती. निवडीला मोजमाप लागतं. संगीताचं, चित्राचं, कवितेचं मोजमाप काट्यावर होत नाही, म्हणून तर ते अंगी मुरवावं लागतं. आणि मुरायला एका जागी बसावं लागतं. भास्करबुवा बखल्यांचं घ्या. ग्वाल्हेरची तालीम फैज महंमद खाँकडे, आग्र्याची नत्थन खाँकडे, जयपूरची अल्लादिया खाँसाहेबांकडे. तीन घराणी एका गळ्यात. पण प्रत्येक दारात ते शागीर्द म्हणून गेले, वर्षानुवर्षं राहिले, सांगितलेलं घोटलं. त्यांच्या निवडीला मी मान तुकवते. तीन बंदिशींचे तीन तुकडे एका दुपारी ऐकून 'मला सगळी घराणी आवडतात' म्हणणाऱ्याच्या निवडीला कशी तुकवू?

रसिक : भास्करबुवा गवई होते. मी श्रोता आहे. बोदलेरही चित्रकारांविषयी बोलत होता, हे मघाशीच सांगायला हवं होतं. गाणाऱ्यानं एका सुरात दहा वर्षं घालवावीत, कारण त्याला तो सूर लोकांसमोर उभा करायचा आहे. ऐकणाऱ्यावर ती सक्ती कशाला? आणि ज्या घराण्यांच्या शुद्धतेपुढं तुम्ही मला बसवता, ती शुद्धता तरी कुठून आली? किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब म्हैसूर दरबारी जाऊन आले, कर्नाटक संगीत कान देऊन ऐकलं, त्यातली सरगम आपल्या गायकीत आणली. त्यागराजांची कृती गायली, तिची ध्वनिमुद्रिकाही आहे. उत्तरेतल्या खानदानी उस्तादानं तेलुगू रचना गाणं, हे त्या काळच्या कर्मठ कानांना कसं वाटलं असेल? तेच खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, आणि आज त्यांच्या नावानं तिथल्या दर्ग्यात गाणारे आपण किराण्याची शुद्ध परंपरा म्हणून ऐकतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880 च्या 'शाकुंतला'त कीर्तनातली साकी-दिंडी आहे, लावणीची चाल आहे, कर्नाटकी वळणं आहेत. तेच पुढं नाट्यसंगीताचं घर झालं. काल कुणीतरी इकडून तिकडून वेचलेलं आज घराणं म्हणून आपल्यासमोर बसतं आणि नव्यानं वेचणाऱ्याला उथळ ठरवतं.

इथं चिकित्सक थोडा वेळ गप्प राहिल्या. हा मुद्दा वजनदार आहे आणि त्यांनी तो खोडला नाही. त्यांनी वादाची जागा बदलली: काय निवडलं यावरून, निवडतो कोण यावर.

चिकित्सक : मान्य. शुद्धतेचा मुद्दा मी सोडते. पण खाँसाहेबांनी स्वतः जाऊन ऐकलं आणि स्वतः उचललं. आज तुमच्या कानात जे वाजतं ते कोण उचलतं? गाणी पुरवणाऱ्या ॲपमध्ये एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. तुम्ही अर्ध्यावर काय सोडलंत, काय पुन्हा लावलंत, यावरून यंत्र पुढचं ठरवतं. महिन्याअखेरीस तुमच्या खात्यावर अनेक प्रकारचं संगीत जमा झालेलं असतं आणि तुम्ही त्याला आपली आवड म्हणता. हा एक भाग. दुसरा भाग यापेक्षा गंभीर आहे आणि त्यावर संशोधन झालेलं आहे. रिचर्ड पीटरसन आणि रॉजर कर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1982 आणि 1992 च्या राष्ट्रीय पाहण्या शेजारी ठेवून पाहिल्या. अभिजात संगीत आणि ऑपेरा आवडणारा वरचा वर्ग पूर्वी इतर संगीताकडे नाक मुरडायचा. तोच आता खालच्या समजल्या जाणाऱ्या प्रकारांतही रस घेऊ लागला आहे, असं त्यांना दिसलं. या नव्या रसिकाला त्यांनी सर्वभक्षी म्हटलं. 1996 मधला त्यांचा निबंध गाजला. त्याच वर्षी बेथनी ब्रायसननं उलटा प्रश्न विचारला: हे सर्वभक्षी लोक काय खात नाहीत? शिक्षण वाढतं तसे नावडते प्रकार कमी होत जातात, हे तिलाही दिसलं. पण उदार कानांच्या लोकांनीही जे नको म्हटलं, त्यांत गॉस्पेल, कंट्री, रॅप आणि हेवी मेटल होतं. म्हणजे नेमके तेच प्रकार, ज्यांचे चाहते सर्वांत कमी शिकलेले. दार सगळ्यांना उघडं आहे म्हणतात, आणि चार जण बाहेरच उभे. ते चार कोण, यात काही योगायोग नाही.

रसिक : या आकड्यांपुढं मी मान खाली घालतो. आपल्याकडं अशी पाहणी केली तर वेगळं निघेल, असं छातीठोकपणे मला म्हणता येणार नाही. माझ्या ओळखीतली इक्लेक्टिक मंडळी मालीचं लोकसंगीत ऐकतात, आयर्लंडचं ऐकतात; भीमगीतकार वामनदादा कर्डक त्यांच्या यादीत क्वचित सापडतात. पण यावरून मी तुमच्यापेक्षा वेगळा निष्कर्ष काढतो. प्रल्हाद शिंदे आठवा. विठ्ठलाची गाणी त्यांनी गायली, भीमगीतं गायली, कव्वाल्या गायल्या. आषाढीला आणि 14 एप्रिलला, दोन्ही दिवशी तोच खडा आवाज लाउडस्पीकरवर. भक्तीचा एक रंग, चळवळीचा दुसरा, दर्ग्याच्या आवाराचा तिसरा, आणि तिन्हीकडं श्रोत्यांनी त्यांना आपलं मानलं. एवढा रुंद गळा मराठीत किती जणांचा? तरी त्यांच्याविषयी लिहिताना इक्लेक्टिक हा शब्द कुणाला सुचत नाही. तो वापरला जातो युरोपात शिकून आलेल्या वाद्यवृंदवाल्यासाठी. तेव्हा शब्द फेकून देण्यापेक्षा त्याची मालकी वाढवा, असं माझं म्हणणं आहे. जिथं तो खरा शोभतो तिथं तो पोचूच दिलेला नाही.

चिकित्सक : प्रल्हाद शिंद्यांना तुमचा हा शब्द कशाला हवा? ते काही कोठारासमोर उभे राहून 'थोडं यातलं, थोडं त्यातलं' करत नव्हते. ज्या वस्त्यांत ते गायले, तिथं पंढरीची वाट, बाबासाहेबांचा विचार आणि कव्वालीचा मुकाबला या गोष्टी एकाच गल्लीत नांदत होत्या. ते त्या सगळ्यांत राहत होते. गाणं हे त्यांचं पोटही होतं. निवडायला अंतर लागतं आणि सवड लागते. ज्याच्याकडं दोन्ही आहे त्यानंच हा शब्द घडवला. तो शिंद्यांवर पांघरणं म्हणजे त्यांच्या जगण्याला आपल्या दिवाणखान्यातलं नाव देणं.

रसिक : आता मात्र मला राग येतो आहे. खाँसाहेबांनी कर्नाटकी सरगम उचलली तेव्हा ती निवड, आणि कव्वालीची उठावण विठ्ठलाच्या गाण्यात आणणारा गळा तेवढा 'त्यात राहत होता'? कष्टकरी माणूस संगीतात राहतो आणि शिकलेला माणूस संगीत निवडतो, ही वाटणी कुणी केली? कुठल्या ओळीवर आवाज चढवायचा, कुठं ढोलकीला मोकळं सोडायचं, कुठली चाल भीमगीताला शोभेल आणि कुठली नाही, हे त्या माणसानं दर वेळी ठरवलं असणार. कोरसमधल्या मंडळींना सांगितलं असणार. ती निवडच होती. पोटासाठी केलेली निवड कमी प्रतीची ठरत असेल, तर बहुतेक कलावंतांना यादीतून काढावं लागेल. ब्रायसनच्या पाहणीतले शिकलेले लोक जे करत होते, तेच तुम्ही आता सहानुभूतीनं करता आहात.

हा फटका योग्य जागी बसला आहे, असं या लेखकाला वाटतं. चिकित्सकांनीही तो परतवला नाही. पण सवड आणि अंतर हा त्यांचा मुद्दा त्यांनी सोडलाही नाही, तो त्यांनी दगडात दाखवला.

चिकित्सक : हे ऐकून घेते. गायकाविषयी मी घाईनं बोलले. तरी निवडणाऱ्याच्या हातात काय सत्ता असते, हे बघायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा आराखडा, 1878 मध्ये काम सुरू, दहा वर्षांनी पुरं. युरोपातल्या गॉथिक कमानी, इटलीची आठवण करून देणारे रंगीत दगड, आणि इथल्या राजवाड्यांचं वळण घेतलेले घुमट नि मनोरे. जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी त्यात पानं-फुलं, पशुपक्षी कोरले. इमारत अप्रतिम आहे, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तिच्यावर माझंही प्रेम आहे. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. दोघांना समान उंचीवर बसवलं आहे. पण घुमट कुठला घ्यायचा, वाघ कुठं बसवायचा, हे ठरवणारा हात फक्त सिंहाच्या बाजूचा होता. ज्याला सगळ्यांकडून घेता येतं, त्याच्याकडून कुणी काही घेऊ शकतं का, हा प्रश्न इक्लेक्टिक म्हणवणाऱ्यानं स्वतःला विचारायला हवा.

रसिक : विचारायला हवा, मान्य. पण त्या पानाफुलांकडं जवळून पाहा. एकासारखं दुसरं नाही. कुठं मोर, कुठं माकड, कुठं आपल्या परसातली वेल. आराखडा स्टीव्हन्सचा असला तरी छिन्नी ज्यांच्या हातात होती, त्यांनीही आपलं काहीतरी घुसवलं असेल, असं मला वाटतं. निवड वरून येते तशी खालूनही होते. तुम्हाला हुकूम दिसतो, मला त्या हुकुमाच्या फटीतून शिरलेला माणूस दिसतो. इथं आपलं जमणार नाही.

चिकित्सक : नाही जमणार. मग निदान वापरापुरता एक नियम ठरवू. आपली आवड इक्लेक्टिक आहे असं सांगणाऱ्यानं आपण काय वगळलं, तेही सांगावं.

रसिक : कबूल, माझ्या एका अटीवर. वगळण्याचं कारण त्या गाण्यातलं असावं, ते ऐकणाऱ्या माणसांविषयीचं नसावं.

चिकित्सक : ही दोन कारणं इतकी वेगळी काढता येतात? मिरवणुकीतल्या डीजेचं घ्या. 'मी सगळं ऐकतो, फक्त ते नको.' त्रास आवाजाचा आहे की समोर नाचणाऱ्या पोरांचा?

रसिक : आवाजाचा त्रास खरा आहे आणि तो मोजता येतो. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल ही मर्यादा 2000 सालच्या नियमांतच आहे, आणि मिरवणुकीतल्या भिंती तिच्या कितीतरी पुढं जातात. म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडते, तान्ही मुलं दचकून उठतात. त्याला विरोध करणाऱ्याला मी तुच्छतावादी म्हणणार नाही.

चिकित्सक : मीही नाही म्हणणार. पण तेच गाणं हेडफोनवर, हळू आवाजात, एकदा तरी शेवटपर्यंत ऐकलंय का? ऐकून नको म्हटलं तर ती निवड झाली. न ऐकता नको म्हटलं तर ते काय झालं, याचं नाव मला अजून सापडलेलं नाही, आणि माझ्याही यादीत अशी गाणी आहेत.

रसिक : माझ्याही.

हा वाद इथं थांबला, मिटला नाही. निवड करायला मुक्काम लागतो की भटकंती, यावर दोघं शेवटपर्यंत वेगळेच राहिले. वाचकांना एवढीच विनंती: आपल्या गाण्यांच्या यादीत जे कधीच येत नाही, त्यातलं एक गाणं या आठवड्यात पूर्ण ऐका. आवडलं तर यादीत घाला. नाही आवडलं तर का, ते दोन ओळींत लिहून काढा, आणि त्या ओळी गाण्याविषयी आहेत की माणसांविषयी, ते पुन्हा एकदा वाचून बघा.